मंडईचे दिवस

१९७९ साली मी भंडाऱ्याहून पुण्याला शिकायला गेलो. वसतिगृहातली मुलं रविवारी पहाटे उठून सिंहगड चढायला निघत. वर जायचं, मडक्यातलं दही खायचं, पिठलं-भाकरी खायची आणि ऊन तापायच्या आत खाली उतरायचं. मीही त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. पहिल्याच खेपेला अर्ध्या चढावर दम खात बसलो होतो, तेव्हा एका मित्रानं विचारलं, "काय रे, तुमच्या भंडाऱ्याकडे सुट्टीला फिरायला कुठं जातात?"

मी जरा विचार केला आणि म्हणालो, "मंडईला."

"म्हणजे सुट्टीच्या दिवशी भाजी आणायला?"

सगळे हसले. मीही हसलो. पुण्यात मंडई म्हणजे भाजीबाजार, हे तोवर मला पुरतं ठाऊक झालं नव्हतं, आणि आमच्याकडे मंडई कशाला म्हणतात हे त्या चढावर बसून सांगणं जमलं नाही. पंचेचाळीसेक वर्षं झाली. तेव्हा राहून गेलेलं उत्तर आज द्यायचं म्हणतो.

त्या मित्राचा प्रश्न तसा रास्त होता. डोंगर आमच्याकडेही आहेत. सातपुड्याचे पाय जिल्ह्याच्या उत्तरेला येऊन टेकतात. तुमसरकडे आंबागडचा किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या राजा खान नावाच्या सुभेदारानं तो १७०० च्या सुमारास बांधला. पुढं नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. पूर्वेला गायखुरीच्या रांगा आहेत. नागझिऱ्याचं जंगल १९७० साली अभयारण्य झालं, भंडाऱ्याजवळचं कोका २०१३ साली झालं. उंची फार नाही, पण डोंगर ते डोंगरच. तरीही नुसतं चढून उतरायला म्हणून त्यांवर आमच्यातलं कुणी जात नसे. मोहफुलं वेचायला जात, तेंदूपत्ता तोडायला जात, सरपणाला जात, गुरांमागं जात. काही काम नसताना डोंगरावरून हिंडून आलेल्या माणसाला गावानं पहिला प्रश्न विचारला असता, "का हरवलं गा?"

देवाचं काम असेल तर गोष्ट वेगळी. महाशिवरात्रीला गायमुखला यात्रा भरते. तिकडच्या डोंगरात झऱ्याकाठी महादेव आहे. माझी आजी त्याला लहान महादेव म्हणायची. मोठा महादेव म्हणजे पचमढीचा. विदर्भातली माणसं पिढ्यान् पिढ्या पचमढीला जात आली आहेत, खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडाचा उभा चढ चढत आली आहेत. ज्यांना तेवढी वाट आणि तेवढा खर्च झेपत नसे, ते गायमुखला जात. गंमत पाहा, इंग्रजांच्या मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी हीच पचमढी. साहेब लोक थंड हवेसाठी जात, बंगल्याच्या व्हरांड्यात बसत, घोड्यावरून फेरफटका मारत. त्याच डोंगरावर आमची माणसं नवस फेडायला अनवाणी चढत. दोघंही घराबाहेर पडत, दोघांनाही आनंद होत असणार. आपण मौजेसाठी आलो आहोत, असं मात्र त्यातल्या एकानंच कबूल केलं असतं.

मौजेला निमित्त लागणं हा आमच्याकडचा रिवाज. आणि सगळ्यांत मोठं निमित्त म्हणजे मंडई.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतल्या धानाच्या आणि जंगलाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. १९९९ च्या १ मे पर्यंत गोंदिया आमच्याच जिल्ह्यात होतं, त्यामुळं माझ्या पिढीच्या तोंडी भंडारा म्हणजे ते सगळं. या पट्ट्यातल्या गावांत भाऊबीजेनंतर रोज कुठं ना कुठं मंडई असते. एका गावची आज, शेजारच्या गावची उद्या, त्याच्या पलीकडची परवा. तारखा ठरलेल्या असतात आणि शेजारच्या दोन गावांच्या तारखा शक्यतो एकमेकींवर येऊ देत नाहीत. ते कुठं लिहून ठेवलेलं मी पाहिलं नाही. पण आपल्या गावची मंडई कितव्या दिवशी आणि मामाच्या गावची कितव्या, हे दहा वर्षांचं पोरही सांगू शके.

मंडई याच दिवसांत का, याचं उत्तर धानात आहे. आमच्याकडे दोन तऱ्हेचं धान लावतात, हलकं आणि भारी. हलकं धान दिवाळीच्या आसपास हाती येतं, भारी धान त्यानंतर महिनाभर उभं असतं. या दोन कापण्यांच्या मधे थोडी उसंत मिळते. घरात नवं धान आलेलं असतं, हातात चार पैसे असतात, आणि भाऊबीजेला आलेल्या लेकी अजून माहेरीच असतात. तेवढ्या फटीत मंडई बसवली आहे. ज्यानं कुणी बसवली त्याला शेतीही कळत होती आणि माणसंही.

मंडईची सुरुवात गोवारी करतात. गोवारी म्हणजे गावची गुरं राखणारा समाज. गुरांसाठी राखलेल्या गावाबाहेरच्या मोकळ्या जागेला आम्ही आखर म्हणतो. उंच बांबूला कापड आणि मोरपिसं बांधलेली ढाल नाचवत, ढोल-बासरी वाजवत ते आखरावर येतात. वर्षभर ज्यांना कुणी बस म्हणत नाही, त्यांच्या पुढं त्या दिवशी सगळं गाव वाट सोडून उभं राहतं. हे लिहिताना १९९४ आठवल्यावाचून राहत नाही. त्या साली २३ नोव्हेंबरला आपल्या मागण्या घेऊन गोवारी समाज नागपुरात विधानभवनावर गेला आणि चेंगराचेंगरीत ११४ माणसं मेली. त्यांत बायका आणि लेकरं पुष्कळ होती. त्याच महिन्याच्या सुरुवातीला दिवाळी झाली होती. ढाली नाचवून पंधरा-वीस दिवससुद्धा झाले नव्हते.

आखरावर दुकानं लागलेली असतात. भंडारा शहर पितळी भांड्यांचं म्हणून ओळखलं जाई, त्यामुळं मोठ्या मंडईत भांडी असायचीच. पण खरी गर्दी बांगड्यांच्या, जिलेबीच्या आणि शिंगाड्यांच्या दुकानांवर. शिंगाडे ढिवर बाया आणायच्या, तलावातून काढून उकडलेले, काळे, टोपलीभर. मला आजही मंडई म्हटलं की उकडलेल्या शिंगाड्याचा वास येतो. दुपारी मधल्या जागेत दंडार सुरू होते. पुरुष दोन रांगांत समोरासमोर उभे राहून हातातल्या काड्यांच्या तालावर नाचतात, मधेच एखादा प्रसंग उभा करतात, सोंग आणतात, गावातल्याच कुणाची खोडी काढतात. दुसऱ्या बाजूला खडी गंमत चाललेली असते. तिथं शाहीर, ढोलकी, आणि लुगडं नेसलेला पुरुष नाच्या. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीच्या आणि या लोककलांच्या अभ्यासात आयुष्य घातलं. त्यांच्यासारखा माणूस नसता, तर आमची दंडार म्हणजे अडाण्यांचा धिंगाणा अशीच शिकलेल्यांची समजूत राहिली असती. माझीही होती.

भंडारा शहर या सगळ्याच्या बाहेर होतं असं समजू नका. माझे वडील शहरात कारकून होते, आम्ही खांब तलावाच्या बाजूला भाड्यानं राहत होतो. वैनगंगेच्या काठी फिरायला जाणं, कोरंभीच्या देवीला जाणं, एवढीच शहराची करमणूक. पण शहरात राहणाऱ्या जवळपास प्रत्येकाचं एक गाव होतं आणि त्या गावाची एक मंडई होती. दिवाळीनंतरच्या आठवड्यात कचेरीतली अर्धी माणसं आळीपाळीनं रजेवर असायची. साकोलीकडं जाणाऱ्या एस.टी.च्या टपावर माणसं बसलेली मी पाहिली आहेत. मंडईला जाणाऱ्याला कंडक्टर सहसा अडवत नसे. त्यालाही कुठल्या तरी गावी पोचायचं असायचं.

आता थोडं मागं जाऊ. या मेळ्याला जागा, पैसा आणि यजमान कुठून आला?

आमच्या मुलखाचा इतिहास तलावांनी सुरू होतो. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं इथं तलाव बांधले. काशीकडून एका गोंड राजानं त्यांना आणलं अशी त्यांच्यात कथा आहे. रसेल आणि हिरालाल या दोघांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर १९१६ साली जो मोठा ग्रंथ काढला, त्यात कोहळ्यांची ओळख तलाव बांधणारे लोक अशीच करून दिली आहे. उताराची जमीन हेरायची, दोन टेकड्यांमधली फट मातीच्या पाळीनं बुजवायची आणि खाली धानाच्या बांध्या काढायच्या. चुना नाही, सिमेंट नाही. नवेगावचा बांध यांतला सगळ्यांत नावाजलेला, तो कोलू पाटील कोहळीनं बांधला असं सांगतात. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत.

इंग्रजांनी १८६० नंतरच्या बंदोबस्तात गावच्या पाटलांना आणि मक्तेदारांना मालकी हक्क दिले, ते झाले मालगुजार. तलाव त्यांचे, आखर त्यांचं, जंगलाचा काही भाग त्यांचा. मंडईचे यजमानही तेच. दंडारीच्या मंडळाला शिधा मालगुजाराच्या वाड्यातून जाई, पाहुण्यांचा उतारा वाड्यात असे, आणि नाच्याला पहिलं बक्षीस मालगुजार देई. माझे आजोबा मालगुजाराकडे दिवाणजी होते. ते सांगायचे की मंडईच्या दिवशी वाड्याचं दार दिवसरात्र उघडं असायचं. माझी आजी त्यात भर घालायची, "अना बाया रातभर चुलीपासी." दोन्ही खरं असणार.

१९५१ च्या ३१ मार्चला मालगुजारी गेली. तेव्हा आम्ही जुन्या मध्य प्रदेशात होतो. तलाव सरकारजमा झाले आणि कागदावर माजी मालगुजारी तलाव असं त्यांचं नाव पडलं. लोकांनी त्यातली पहिली दोन अक्षरं उचलून 'मामा तलाव' केले. हा मामा आता सगळ्यांचा झाला, आणि सगळ्यांचा झाला म्हणून कुणाचाच राहिला नाही. पाळी फुटल्या, गाळ साचला, ती कहाणी वेगळी सांगावी लागेल. मंडईच्या बाबतीत मात्र उलटं घडलं. वाडा मागं सरला आणि गावानं मंडई उचलली. घरटी वर्गणी, पोरांचं मंडळ, आणि हळूहळू तिकीट. एक बदल मला फार मोठा वाटतो. मालगुजाराच्या वेळी कुणी कुठं बसायचं हे ठरलेलं असे. तिकीट आल्यावर जो आधी येईल तो पुढं. आजोबांना हे अजिबात आवडलं नाही. ते शेवटपर्यंत मांडवाबाहेर खाट टाकून ऐकत. पाहायला आत आले नाहीत.

तिकीट कशाला? नाटकाला. आणि नाटक कळायचं तर आधी शंकरपट समजून घ्यायला हवा.

भारी धान निघालं, बांध्या कोरड्या पडल्या, की जानेवारीपासून पटांचे दिवस येतात. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. सरळ लांब धावपट्टी तयार करतात, हलक्या छकड्याला दोन बैल जुंपतात, हाकणारा एकच. वळण नाही, अडथळा नाही, सुटले की काही सेकंदांत खेळ संपतो. त्या काही सेकंदांसाठी माणसं वीस-वीस कोसांवरून बैल घेऊन चालत येत. एवढ्या लांबून आलेली माणसं रात्री परतणार कशी? त्यांना मुक्काम हवा, मुक्कामात करमणूक हवी. म्हणून दिवसा पट आणि रात्री नाटक, अशी जोडी जमली असं आमच्याकडची म्हातारी माणसं सांगतात. पूर्वी गावातलीच पोरं रात्री दंडार, नाटक करत. पुढं कंपन्या आल्या. आज गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज-वडसा हे या नाटकांचं केंद्र आहे. दिवाळी ते होळी तिथल्या मंडळ्यांना उसंत नसते. या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा मुंबई-पुण्याच्या काही वर्तमानपत्रांनी झाडीपट्टी रंगभूमी म्हणजे काय ते पहिल्यांदा समजावून सांगितलं.

नाटक रात्री दहा-अकराला सुरू होई आणि पहाटे संपे. रिकाम्या बांधीतच मांडव घालायचा, मागच्यांना दिसावं म्हणून जमीन खणून उतार काढायचा, खाली तणस अंथरायची. माघाची थंडी. घोंगड्या, चादरी, कुशीत पोरं. एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष. आणि या रात्रीत नाटकाइतकंच महत्त्वाचं दुसरं एक काम चाले. सोयरिकी जुळत. ज्याच्या घरी पाहुणा उतरला त्याच्या घरची भांडीकुंडी, गोठा, मुलीचा स्वयंपाक, सगळं न विचारता पाहून होई. माझ्या दोन आत्यांची लग्नं पटाच्या मुक्कामात ठरली. जंगलात विखुरलेली गावं, पावसाळ्यात चार महिने चिखलानं तुटलेली. ती वर्षातून एकदा तपशीलवार एकमेकांच्या घरात शिरत, ती अशी. याला नुसती करमणूक म्हणायला मी तयार नाही. आणि करमणूक नव्हे असं म्हटलं, तर आमची आत्याच हसेल.

आता जे सांगायचं ते जरा जड आहे.

मालगुजारी गेल्यावर आजोबांकडे थोडी शेती आणि एक पटाची जोडी उरली होती. पटाचे बैल औताला कमीच जुंपत, त्यांना सरकी, ढेप, कधी अंडी. घरात पोरांना दूध पुरत नसे, तेव्हाही बैलांचा खुराक चुकत नसे. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. त्या वर्षी आमच्या जोडीनं शेजारच्या गावचा पट मारला. गुलाल, वाजंत्री, आजोबांना खांद्यावर घेतलेलं. संध्याकाळी मी गड्याबरोबर बैल धुवायला तलावावर गेलो. गुलाल धुतला गेला, तरी एका बैलाच्या पुठ्ठ्यावरून लाल पाणी उतरतच होतं. बैल हाकायच्या काठीला आमच्याकडे तुतारी म्हणतात, तिच्या टोकाला खिळा असतो. मी घरी येऊन आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "माश्या बसल्या असतीन." आजी काही बोलली नाही. वाटीत हळद आणि तेल घेऊन गोठ्यात गेली. तिला ती वाटी कुठं ठेवलेली असते हे शोधावं लागलं नाही, हे माझ्या लक्षात पुष्कळ वर्षांनी आलं.

२०११ च्या जुलैत केंद्र सरकारनं ज्यांचे खेळ करता येत नाहीत अशा प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तामिळनाडूचा जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलगाड्यांच्या शर्यती दोन्ही बंद केल्या. मी गावी गेलो होतो. ओसरीवर बोलणं निघालं. माझ्या तोंडून निघून गेलं की निकाल बरोबर आहे. माझा चुलतभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, आजोबांनंतर जोडी त्यानंच सांभाळली. तो म्हणाला, "तू सहरातला मानूस. बैल बिमार पडला त रातभर कोन जागते, तू का मी?" मी म्हणालो, "आणि तुतारी कोण टोचतं?" त्यानंतर तो माझ्याशी दोन वर्षं बोलला नाही.

त्या दोन वर्षांत मी पुष्कळ विचार केला. आम्ही दोघंही खरं बोललो होतो असं मला वाटतं. पण माझं खरं फुकटचं होतं, त्याचं महाग. २०१६ च्या उन्हाळ्यात त्यानं जोडी विकली. कुणाला विकली ते त्यानं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

बंदीमुळं सगळं संपलं, असंही म्हणवत नाही. बैल त्याआधीच कमी होत आले होते. चिखलणी ट्रॅक्टर करू लागला, मळणी यंत्रावर गेली, गुरं राखायला माणूस मिळेना. आमच्या गावात माझ्या लहानपणी दारोदार जोडी होती. बंदी आली त्या साली मोजून नऊ होत्या. तिकडं कर्नाटकात किनाऱ्याकडं धानाच्या चिखलात रेड्यांची शर्यत होते, कंबळा. तिचीही गोष्ट हीच. जनावर शेतात कामाचं उरलं नाही आणि फक्त शर्यतीसाठी उरलं, की त्याचा खर्चही वाढतो आणि त्याच्यावरची जबरदस्तीही.

महाराष्ट्रानं २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, मुंबई उच्च न्यायालयानं त्याच वर्षी तिला अटकाव केला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अटी घालून शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ही दुरुस्ती वैध ठरवली. मधल्या सात वर्षांत आमच्याकडे एक नवल घडलं होतं. पट बंद झाले, नाटकं बंद झाली नाहीत. ज्या पाहुण्यांसाठी नाटक सुरू झालं म्हणतात, ते पाहुणे बैलांशिवायही येत राहिले. मोटारसायकलवर येत, नाटक पाहत आणि पहाटे परत जात. मुक्काम मात्र गेला. टाळेबंदीचा काळ सोडला, तर मांडव काही पडला नाही.

पट परत आले तेव्हा मी मुद्दाम पाहायला गेलो. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना सेन्सर, सेकंदाचे बारीक भाग दाखवणारं घड्याळ, जनावरांचे डॉक्टर, परवानगीचा कागद. बैल चालत आलेले नव्हते, पिकअपमधून आलेले होते, काही तर दुसऱ्या जिल्ह्यांतून. इनामात मोटारसायकली होत्या. तुतारी मला दिसली नाही. पुठ्ठे मी एकेका बैलाचे पाहिले, हे कबूल करतो. लोक मला बैल घ्यायला आलेला गिऱ्हाईक समजले असावेत. बरे होते बैल. आमच्या गावातली एकही जोडी त्यात नव्हती.

चुलतभाऊ माझ्या शेजारी उभा होता. पहिली जोडी सुटली तेव्हा त्यानं माझं मनगट धरलं, आणि निकाल पुकारेपर्यंत सोडलं नाही. मग म्हणाला, "डावा बैल दबून धावला." मला काही दिसलं नव्हतं. पुढच्या खेपेला त्या जोडीच्या मालकानंच डावा बैल बदलला.

मंडई अजून भरते. शिंगाडे आता कमी येतात, चायनीजच्या गाड्या जास्त. दंडारीची मंडळं थोडीच उरली आहेत; जी आहेत त्यांत म्हातारे नाचतात आणि पोरं मोबाइलवर त्यांना टिपतात. सोयरिकी मोबाइलवरच जुळतात. लेकी मात्र भाऊबीजेला आल्या की मंडई होईपर्यंत हलत नाहीत, आणि जावयाला घ्यायला यायचं असेल तर त्यानं मंडईच्या दिवशीच यावं, अशी आमच्याकडची अजूनची पद्धत आहे. मागच्या वर्षी ढाल नाचवायला आखरावर जागा कमी पडली, कारण अर्ध्या आखरावर समाजमंदिर झालं आहे. गोवाऱ्यांनी मग ढाल रस्त्यावरच उभी केली, आणि दोन्ही बाजूंना ट्रक थांबून राहिले. एकानंही हॉर्न वाजवला नाही, कारण ट्रकवाले खाली उतरून पाहत होते.

तो सिंहगडावरचा मित्र आता निवृत्त झाला आहे. त्याला मी गेल्या दिवाळीत फोनवर पत्ता सांगितला, तोच तुम्हालाही सांगतो. साकोलीला उतरायचं, लाखांदूरच्या रस्त्याला लागायचं. भाऊबीजेनंतरच्या आठवड्यात कुठल्याही दिवशी या. कुठल्या ना कुठल्या गावात ढोल वाजत असेल, तिथं थांबा. गाडी गावाबाहेर ठेवा, आत जागा नसते. पाहुणे कुणाकडचे म्हणून विचारतील. कुणाकडचेच नाही असं सांगितलंत, तर ज्यानं विचारलं तोच जेवायला घेऊन जाईल.